पंचनाम्यात न लिहिलेला अंगठा

पप्पा,

एखादी खरी गोष्ट माणसाच्या मनाविरुद्ध त्याच्याकडून काढून घेतली, तर ती वापरायची की नाही? याचं उत्तर मला येत नाही, हे आधीच सांगते. गेल्या दीड वर्षात मी ते बऱ्याच जणांना विचारलं. वकिलाने एक सांगितलं, पोलिसाने दुसरं, ऑफिसातल्या काकांनी हसून चहा मागवला. तुम्हाला विचारायचं राहिलं. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते, त्याला आता बारा वर्षं झाली. पण या गोष्टीशी तुमचा संबंध आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

मी आता नगरपालिकेत लिपिक आहे. परीक्षा देऊन लागले, कोणाच्या ओळखीने नाही. हे मी भेटेल त्याला सांगते आणि आई मला कोपराने ढोसते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसते. उल्हासनगरची कॅम्पातली खोली सोडून आम्ही बदलापूर गावात भाड्याने राहतो. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, म्हणून आईने माझं पदवीचं प्रमाणपत्र काच लावून तुमच्या फोटोसमोरच्या भिंतीवर टांगलंय. मी म्हटलं, शेजारी लावायचं ना, समोर कशाला? तर म्हणाली, "त्यांना वाचता यायचं नाही, पण कागद हातात आला की बघत बसायचे. बघू दे."

पंच म्हणजे काय ते आधी सांगते. पोलीस कोणाकडून काही जप्त करतात तेव्हा दोन तिऱ्हाईत माणसं समोर असावी लागतात. त्यांनी काय काय झालं ते बघायचं, लिहिलेला पंचनामा वाचायचा आणि खाली सही करायची. पुढे खटला उभा राहिला की कोर्टात जाऊन तेच सांगायचं. मोठ्या गुन्ह्यात पोलीस रस्त्यावरचा माणूस घेत नाहीत, सरकारी ऑफिसाला पत्र पाठवतात. तसं पत्र आमच्याकडे आलं तेव्हा हेडक्लार्कनी टेबलांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही जा. मोबाइलचं प्रकरण आहे, तुम्हाला कळतं त्यातलं." माझ्याबरोबर पाणीखात्यातले काका होते, निवृत्तीला आठ महिने राहिलेले. आतापर्यंत ते एवढ्या वेळा पंच झालेत की पोलीस स्टेशनातला चहावाला त्यांना बिनसाखरेचा न विचारता देतो. रिक्षात मी त्यांना विचारलं, आपल्याला नक्की काय करायचं असतं? "काही नाही गं. मान हलवायची, सही करायची, साडेपाचच्या आत घरी. तुला काय वाटलं, हार घालणार आहेत?"

प्रकरण अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं होतं. तिथे रसायन तापवायची मोठी बंद टाकी असते, तिला रिअ‍ॅक्टर म्हणतात. आत उष्णता फार वाढली की अलार्म वाजतो आणि टाकी तापवणारी वाफ आपोआप बंद होते. कोणीतरी त्या अलार्मची वायर काढून ठेवली होती. पहाटे टाकी फुटली आणि तिच्यावर काम करणारा ऑपरेटर जागीच गेला. चाळिशीतला माणूस होता, बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहणारा. वायर सुपरवायझरने काढली, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रश्न असा होता की त्याला कोणी सांगितलं. एका कामगाराने पोलिसांना जबाब दिला होता, की आदल्या संध्याकाळी साडेसहाला सुपरवायझरच्या फोनवर मॅनेजरचा मेसेज आला, त्याने तो डोळ्यांनी बघितला.

आता यातली अडचण अशी, पप्पा. तुमच्या वेळी माणूस फोनवर बोलला की संपलं, आणि चिठ्ठी लिहिली तर ती कुठेतरी सापडायची. आता जे मेसेज जातात ते कुलूप लावूनच जातात. पाठवणाऱ्याच्या फोनवर लागलेलं कुलूप घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतं. मधल्या वाटेवर कोणालाच वाचता येत नाही, पोलिसांना नाही आणि ज्या कंपनीचं अ‍ॅप आहे तिलाही नाही. पोलिसांनी कंपनीला पत्र लिहिलं तर फार तर कोणी कोणाला कधी पाठवला एवढं कळतं, काय लिहिलं ते नाही. मला ही सोय आवडते. माझी मैत्रीण तिच्या घरातल्या ज्या गोष्टी मला लिहिते त्या तिसऱ्याला कळल्या तर तिला घर सोडावं लागेल. त्यामुळे कुलूप असावं, असंच मी तेव्हा म्हणायचे आणि आताही म्हणते. पण त्या दिवशी त्या मेसेजला जगात दोनच जागा होत्या. मॅनेजरने आपला फोन सकाळीच पुसून कोरा केला होता. दुसरा फोन पोलिसांच्या टेबलावर पडला होता, आणि त्या दोघांनी आपल्या मेसेजना चोवीस तासांत आपोआप उडायचं लावून ठेवलं होतं.

आम्ही पोलीस स्टेशनात पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. खोलीत तपास करणारे साहेब, दोन हवालदार, संगणकाशी बसलेला एक शिपाई आणि सुपरवायझर. सुपरवायझर तिशीचा असेल, शर्टाच्या एका बाहीला पिवळा डाग. साहेब सारखे घड्याळ बघतायत. "चार्जर बघा रे! चार टक्के राहिलीय. फोन बंद पडला की परत अंगठ्याने उघडत नाही, आकडेच मागतो." हवालदार ड्रॉवरमधून चार्जरची गुंतवळ काढतो, एकही पिन बसत नाही. "साहेब, सगळे जुने आहेत." "जुने तर तुम्ही पण आहात, चालताय ना?" काका हसले. मीही हसले, हे मला आठवतं. मग साहेब सुपरवायझरकडे वळले. आवाज मुद्दाम खाली आणून म्हणाले, "बघ, तू हुकमाचा ताबेदार. उघड, तुझंच भलं आहे त्यात." तो म्हणाला, "साहेब, वकिलाला विचारल्याशिवाय नाही उघडणार. त्यात माझं सगळं आहे. बायकोचे फोटो आहेत." "तुझ्या बायकोचे फोटो कोणाला बघायचेत? एक माणूस मेलाय!" "माहितेय साहेब. माझ्यासोबत डबा खायचा तो."

पुढचं फार लवकर झालं. साहेबांनी नुसती मान हलवली. एका हवालदाराने मागून त्याचे खांदे धरले, दुसऱ्याने उजवा हात टेबलावर दाबला आणि मुठीतून अंगठा सोडवून फोनवर टेकवला. पहिल्यांदा उघडला नाही, घामाने. हवालदाराने तो अंगठा स्वतःच्या पँटला पुसला आणि पुन्हा टेकवला. मारलं नाही, ओरडले नाहीत. तेवढ्यात सुपरवायझर माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही बघताय ना?" मी नजर टेबलाकडे वळवली. फोन उघडला. मग साहेब शिपायाला म्हणाले, "हां, आता कर रेकॉर्डिंग चालू." नव्या कायद्याने जप्तीचं चित्रीकरण लागतं. ते झालं. त्यात टेबलावर उघडा फोन दिसतो, मेसेज दिसतो, मी आणि काका दिसतो. अंगठा दिसत नाही.

मेसेज मी वाचला. हिंदीत होता. "अलार्म का वायर निकाल के रखो, बैच रुकना नहीं चाहिए." खाली सुपरवायझरने लिहिलेलं, "सर, टेंपरेचर ज्यादा जा रहा है." आणि त्याखाली मॅनेजरचं, "मैं देख लूंगा." शिपायाने दुसऱ्या फोनने पडद्याचे फोटो काढले. साडेसहा वाजायला अजून तास होता. साहेब खुर्चीत टेकले आणि रुमालाने मान पुसत मला म्हणाले, "मॅडम, कोर्टाची परवानगी आणेपर्यंत यात फक्त गुड मॉर्निंगची फुलं राहिली असती." ते खरंच होतं. ते वाईट माणूस नव्हते. सकाळपासून ते त्या ऑपरेटरच्या घरीही जाऊन आले होते.

पंचनामा टाइप होऊन आला. त्यात लिहिलं होतं, 'आरोपीने आम्हा पंचांसमक्ष स्वखुशीने आपला मोबाइल उघडून दिला.' काकांनी खाली सही केली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी संपूर्ण वाचलं. त्या शब्दावर थांबले. काका कानाशी म्हणाले, "तो छापीलच असतो गं. सगळीकडे स्वखुशीनेच असतं." मी सही केली. न वाचता केली असती तर आज मला बोलायला तरी जागा होती.

परत जाताना रिक्षात मला कॅम्पातली आपली खोली आठवत होती. तुम्हाला तो दिवस आठवत असेल का, माहीत नाही. मी चौथीत आहे. तुम्ही जीन्स धुण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करता आणि दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, जिथे फरशी गार असते, तिथे झोपता. तुमची नखं कायम निळी. आई कामाला गेलेली. माझ्या प्रगतिपुस्तकात गणिताखाली लाल रेघ आहे आणि उद्या ते पालकांची सही घेऊन परत न्यायचं आहे. बाकीच्यांचे पप्पा सही करतात, तुम्ही अंगठा देता. मी बॉलपेन घेऊन तुमच्या अंगठ्यावर हळूहळू घासते, शाई नीट बसेपर्यंत, आणि पुस्तक तुमच्या हाताखाली सरकवून अंगठा दाबते. ठसा पुसट येतो म्हणून परत दाबते. तेव्हा तुम्ही डोळे उघडता.

तुम्ही मारणार असं मला वाटलं. तुम्ही उठून बसलात, अंगठ्याकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं, लाल रेघेवर बोट ठेवून विचारलंत, "हे काय?" मी म्हटलं, नापास. "बरं. मग मला उठवायचं होतंस." तुम्ही झोपला होतात म्हणून नाही उठवलं, मी म्हटलं. "बाय, खोटं नको बोलू." मग बराच वेळ अंगठा डोक्याच्या केसांवर पुसत राहिलात, शाई लागली की तुम्ही तसंच करायचात. आणि म्हणालात, "मला लिहिता येत नाय. माझ्याकडे हा एकच हाय. तो मी दिला तर दिला. तू असा घेऊन नाय जायचा." तुमचा आवाज चढला नव्हता. रडायला मला त्यामुळेच आलं.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून येताना तुम्ही कॅम्पातल्या स्टेशनरीच्या दुकानातून पत्र्याच्या डबीतलं स्टॅम्प पॅड आणलंत, जांभळ्या शाईचं. तो सिंधी दुकानदार काय म्हणाला तेही त्याची नक्कल करून सांगितलंत. "साईं बोलला, बेटी को बोलो, सूख जाए तो दो बूंद पानी डालना." डबी माझ्या दप्तरात ठेवलीत. "आता कधी लागला अंगठा, तर मला उठव. झोप काय, परत येते."

त्या पंचनाम्यानंतर पंधरा दिवसांनी माझ्या खिडकीवर एक बाई आली, ऑपरेटरची बायको. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती हव्या होत्या. मी अर्ज भरून घेत होते, तर ती म्हणाली, "तुम्हीच ना मॅडम पंच? साहेबांनी सांगितलं, मोबाइलमध्ये मेसेज सापडला." मी हो म्हटलं. "मॅनेजरचाच होता ना?" "हो." "तुम्ही स्वतः वाचला?" "वाचला." तिने दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि म्हणाली, "मग बरं झालं. कंपनीवाले बोलतात, ह्याचीच चूक, झोपला होता. माझ्या सासूला पण तेच वाटायला लागलंय." दाखला घेतला, नावाचं स्पेलिंग तपासलं आणि गेली. त्या दिवसापासून मला माहीत होतं की माझ्या साक्षीवर काय टांगलेलं आहे. तो मेसेज टिकला तर तिचा नवरा झोपला नव्हता. मेसेज गेला तर झोपला होता, कायमचा.

खटला उभा राहिला. लवकर राहिला, असं सगळे म्हणाले. साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांनी मला आणि काकांना बसवून समजावलं. मी त्यांना अंगठ्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो खरा आहे का, हे कोर्ट बऱ्याचदा जास्त बघतं. पण नेहमी नाही. आणि पंचच म्हणाली की पंचनामा खोटा, तर समोरचा वकील विचारणार, स्वखुशीने खोटं, मग मेसेज कशावरून खरा? फोटोच काढलेत ना? मूळ मेसेज तर त्याच संध्याकाळी उडाला." मी विचारलं, मग मी काय बोलू? "जेवढं विचारतील तेवढंच." आणि विचारलं तर? त्यांनी चष्मा परत लावला आणि फाईल बंद केली. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "तू शिकलीस ना, म्हणून तुला त्रास. एक शब्द आहे गं. त्या बाईचा विचार कर." मी तिचाच विचार करत होते. आणि त्या सुपरवायझरचाही, ज्याने मला विचारलं होतं की बघताय ना. मॅनेजरविरुद्ध त्याच्या फोनशिवाय काही नव्हतं, आणि त्याच फोनने तोही आत जाणार होता. "टेंपरेचर ज्यादा जा रहा है" असं लिहूनसुद्धा वायर त्यानेच काढली होती.

त्या संध्याकाळी मी आईला विचारलं, पप्पांनी काय केलं असतं? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्यांना कोण विचारायला आलं असतं? त्यांचा अंगठा घेऊन गेले असते." मग जरा वेळाने, "पण नंतर घरी येऊन जेवले नसते."

साक्ष परवा झाली. आधी काकांची झाली, चार मिनिटांत. मग मी. शपथ घेतली, नाव सांगितलं, फोन ओळखला, पंचनाम्यावरची सही ओळखली. सरकारी वकिलांनी तो प्रश्न घाईघाईने विचारला, पुढच्या प्रश्नाला जोडूनच. आरोपीने स्वखुशीने फोन उघडून दिला आणि त्यात तुम्ही मेसेज पाहिला, बरोबर? मी म्हटलं, मेसेज पाहिला, आणि तो शब्दन् शब्द सांगितला. मग म्हटलं, फोन त्याने स्वखुशीने उघडला नाही. त्याचा हात धरून अंगठा लावला. रेकॉर्डिंग त्यानंतर सुरू झालं. टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. आरोपीच्या वकिलाने मान वर केली, त्याला हे आयतंच मिळालं होतं. सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवायची परवानगी मागितली. तो शब्द माझ्यासाठी वापरला जाईल असं कधी वाटलं नव्हतं. न्यायाधीश बाईंनी मला विचारलं, "पंचनाम्यावर सही तुमचीच?" हो. "वाचून केली होती?" हो, पूर्ण वाचून. "मग तेव्हा का बोलला नाहीत?" मी म्हटलं, तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. त्यांनी तेही लिहून घ्यायला सांगितलं. निकाल कधी लागेल माहीत नाही. काय लागेल तेही माहीत नाही. मेसेज धरतील किंवा सोडून देतील.

बाहेर व्हरांड्यात ऑपरेटरची बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्यासमोर जाऊन थांबले, कारण टाळून जायला दुसरी वाट नव्हती. ती म्हणाली, "मेसेज खरा होता, असं पण बोललात ना?" बोलले. "ते लिहून घेतलं का त्यांनी?" घेतलं. तिने पाण्याची बाटली पिशवीत घातली, पिशवीची गाठ मारली आणि जिना उतरून गेली. ती रागावली की नाही, मला सांगता येत नाही. काल खिडकीवर मी प्रत्येक वेळी मान वर केली तेव्हा तीच असेल असं वाटत होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. आता एक राहिलं ते सांगते. चौथीनंतर तुम्ही मला एकदा विचारलंत, "शाळेत आता अंगठा लागत नाय काय?" मी म्हटलं, पाचवीपासून नाही लागत. तुम्ही बरं म्हणालात. पप्पा, लागत होता. दहावीपर्यंतची सगळी प्रगतिपुस्तकं मी तुमच्या नावाने सही करून नेली, मोठ्या वळणदार अक्षरांत, म्हणजे बाईंना वाटावं की माझे पप्पा शिकलेले आहेत. परवा कोर्टात जे सांगितलं तेही तुम्हाला न विचारताच सांगितलं. ते झालं, आता मागे घेता येत नाही आणि घ्यायचंही नाही. कोर्टातून आल्यावर आईच्या ट्रंकेतून मी ती पत्र्याची डबी काढली. शाईवरचा पातळ कागद अजून तसाच चिकटलेला आहे. मी तुम्हाला एकदाही उठवलं नाही.